टाकीवरची पुडी

भिंगार,
६ जुलै २०२५

प्रिय प्रणिता,
सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखलंस का? तुझे वडील पाथर्डीकडच्या आमच्या गावात शिक्षक होते तेव्हा आपण दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. मी दिपाली. आता दिपाली वैजनाथ बडे. भिंगारला राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. मागच्या महिन्यात तुझी आई नगरला कापडबाजारात भेटली. तू राहुरीजवळच्या कॉलेजात झाडपाल्यातल्या औषधी गुणांवर संशोधन करतेस, असं तिनं सांगितलं. पत्ता तिच्याकडूनच घेतला.

फोन न करता पत्र लिहिते, कारण माझा फोन आमचे हे रोज बघतात. कुणाला काय बोलले, काय पाठवलं, सगळं. आधी असे नव्हते. गेल्या काही महिन्यांतच हे सुरू झालंय.

हे एमआयडीसीत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर आहेत. भागांवरचं तेल-ग्रीस काढायला एक टाकी आहे, तिच्यात गरम औषधात माल बुडवायचा, हे ह्यांचं काम. त्या औषधाला गोडसर वास आहे. कपडे दोनदा धुतले तरी जात नाही. हिवाळ्यापासून ह्यांचं डोकं दुखतं, जेवण जात नाही. चैत्रात माझ्या भावाच्या साखरपुड्यात ह्यांनी दोन घोट बिअर घेतली, तर तोंड आणि मान लाल चट्ट्यांनी भरून गेली. अर्ध्या तासानं आपोआप उतरलं. सासूबाई म्हणाल्या, हा रोज पीत असणार, आज उघडा पडला. हे शपथा घेतात. कुणाचं खरं मानावं ते मला कळेना.

पण माझा खरा संशय दुसऱ्यावर आहे. फेब्रुवारीपासून कारखान्यात रोज कामावर चढताना एक हिरवी पुडी देतात. पाण्याबरोबर गिळायची. गिळेपर्यंत सुपरवायझर समोर उभा. कंत्राटी माणसांवर एवढी माया कशासाठी? दोन पुड्या पत्रात घातल्यात. त्यात काय आहे ते बघून सांग. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर टाक, घरच्या नको.

तुझी,
दिपाली

राहुरी,
१५ जुलै २०२५

प्रिय दिपाली,

तुझं पत्र वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुझा तो बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा 'ळ' अजून तसाच आहे.

पुड्या तपासल्या. त्यात शेवग्याचा वाळवलेला पाला आहे, आवळा आहे आणि थोडी हळद. बाकी काही नाही. कुठलं औषध मिसळलेलं नाही, भेसळ नाही. ती शंका मनातून काढून टाक.

लाल चट्ट्यांचं मात्र कारण आहे. तू सांगतेस त्या गोड वासाच्या रसायनाचा बंदोबस्त आपलं यकृत करतं, आणि दारूचाही तेच करतं. दोन्ही एकदम आली की यकृताला उरकत नाही आणि तोंड असं लाल होतं. अशा टाक्यांवर काम करणाऱ्यांत हे फार वर्षांपासून माहीत आहे. रोज पिणारा माणूसच असा लाल होतो असं नाही, दोन घोटही पुरतात. त्यामुळे वैजनाथराव खरं बोलत असणार. सासूबाईंना सांग. मास्क लावायला सांग आणि हवा खेळती असेल तिथे उभं राहायला सांग.

पुडी बंद करू नका. पाल्यातली द्रव्यं यकृताला मदत करतात. आणि एवढं जरा कळव: ते पुडी रोज घेतात ना? किती वाजता? जेवणाआधी की नंतर? मधला एखादा दिवस चुकतो का? तारखा आठवत असतील तर लिही.

तुझी,
प्रणिता

भिंगार,
२७ जुलै २०२५

प्रणिता,

सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं ह्यांना भाकरी वाढली. त्याबद्दल तुझे उपकार.

पण आता दुसरं ऐक. गुरुवारी हे डबा विसरले, म्हणून मी कारखान्याच्या गेटवर गेले. गेटच्या आत मोठा बोर्ड आहे. वर शेवग्याचं झाड, खाली लिहिलंय, 'रोज एक पुडी, रसायनांपासून यकृताचे संरक्षण.' त्याखाली 'संशोधन: डॉ. प्रणिता निसळ' आणि तुझे मार्गदर्शक म्हणून कुणा सुहास सरांचं नाव. फोटोही आहे. फोटोत तू हसतेस.

मी पुडी पाठवली तेव्हाच तू ओळखली असशील. तरी 'तपासल्या' म्हणून लिहिलंस. आणि पुडी किती वाजता, कधी चुकली, हे कशाला विचारलंस ते आता समजलं. मला वाटलं मैत्रीण काळजीनं विचारते. तू हजेरी घेत होतीस.

आणि मास्कचं म्हणशील, तर ह्यांचा मास्क मार्चमध्ये फाटला. नवा मागायला गेले तर साहेब म्हणाले, "पुडी मिळते ना रोज?" टाकीवरचा हवा ओढायचा पंखा फेब्रुवारीपासून बंद आहे. पुडी आली आणि पंखा गेला.

जूनच्या शिबिरात कारखान्यानं सगळ्यांचं रक्त तपासलं. ह्यांचा रिपोर्ट चांगला आला. यकृताचा आकडा एकतीस. साहेबांनी पाठ थोपटली. पण प्रणिता, ह्यांचे डोळे पिवळे दिसतात. मी दारात उजेडात उभं करून बघितले. दवाखान्यात चला म्हटलं, तर अंगावर आले. "रिपोर्ट हाय ना चांगला, मग कशाला?"

रिपोर्ट खोटा की माझे डोळे खोटे, तू सांग.

दिपाली

राहुरी,
५ ऑगस्ट २०२५

दिपाली,

तुझ्या पत्राचा राग आला, हे कबूल करते. चार दिवस उत्तर लिहिलं नाही ते म्हणूनच.

तुला नीट सांगते. आम्ही तीन वर्षं उंदरांवर प्रयोग केला. रसायन यकृतात फुटतं तेव्हा त्याचे फार उतावळे तुकडे तयार होतात आणि ते पेशींवर तुटून पडतात. शेवग्याच्या पाल्यातली द्रव्यं त्या तुकड्यांना आधी गाठतात आणि पेशी वाचवतात. चौदा दिवस पाल्याचा अर्क दिलेल्या उंदरांना रसायन दिलं, तर त्यांच्या यकृताचं नुकसान निम्म्यानं कमी झालं. हे खोटं नाही. माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. त्यावरून सुहास सरांनी या कारखान्याशी बोलणी केली की कामगारांना पुडी द्यावी आणि त्यांच्या रक्ताचे आकडे आम्हाला द्यावेत. ते आकडे चांगले आले आहेत. त्यांच्यावर माझा लेख स्वीकारलाही गेला आहे. हे तुला आधी सांगायला हवं होतं. तू घाबरलेली होतीस, आणखी घाबरवायचं नव्हतं.

पंख्याचं मला माहीत नव्हतं. सरांना विचारते.

डोळ्यांचं म्हणशील तर पिवळेपणा मनानं बघितला की जास्त दिसतो. आकडा एकतीस म्हणजे अगदी निरोगी माणसाचा. तेव्हा त्रासाचं कारण दुसरं असू शकेल. ते खरोखर दोन घोटांवरच थांबतात का, याची तू खात्री केलीस का?

आणि एक मनात आलं ते विचारते, रागावू नकोस. पंधरा वर्षांत पत्र नाही, आणि आता एकदम बोर्ड, पंखा, मास्क, एवढं बारीक लिहितेस. तुला हे कोणी लिहायला सांगितलं आहे का?

प्रणिता

भिंगार,
३० ऑगस्ट २०२५

डॉ. प्रणिता निसळ यांस,

मागच्या मंगळवारी दुपारी आमचे हे टाकीच्या तळाचा गाळ काढायला आत वाकले होते, ते तिथंच आडवे झाले. सोबतच्यांनी बाहेर ओढलं. नगरच्या दवाखान्यात आहेत. शुद्धीवर आहेत, पण अंग हळदीसारखं पिवळं आहे.

इथं रक्त तपासलं. यकृताचा आकडा सहाशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, कित्येक महिन्यांचं आहे.

दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. नाव एकच, वय एकच. एक तुमच्या शिबिराचा, एक आमच्या दवाखान्याचा. कोणता खरा ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेल्या आहात.

मला लिहायला कोणी सांगितलं, असं विचारलं होतंत. ह्यांच्या डोळ्यांनी सांगितलं.

दिपाली बडे

राहुरी,
६ सप्टेंबर २०२५

प्रिय दिपाली,

काल दवाखान्यात आले तेव्हा वैजनाथरावांनी भिंतीकडे तोंड केलं, ते बरोबरच केलं. तू तरीही मला चहा विचारलास. तिथे सगळ्यांसमोर जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

कारखान्याकडून नऊ जणांच्या रक्ताचा तक्ता आला होता. त्यातल्या तीन ओळी जवळपास सारख्या होत्या. यकृताचा आकडा एकतीस, एकतीस, तीस. साखर सारखी, कोलेस्टेरॉल सारखं, रक्तगटही तोच. एका टाकीवर काम करणारी तीन निरनिराळी माणसं इतकी सारखी असत नाहीत. दिपाली, या ओळी मी मे महिन्यातच पाहिल्या होत्या. पेन्सिलीनं बाजूला एक खूणही केली होती. मग ती पुसली. वाटलं, योगायोग असेल. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं. त्या तीन ओळी नसत्या, तर माझ्या लेखात सांगण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तक्ता काढून बघितला. त्या तीन ओळींतली एक वैजनाथ बडे यांची होती. तरीही मी तुला पुडी बंद करू नका म्हणून लिहिलं, आणि पुढच्या पत्रात त्यांच्या पिण्यावर संशय घेतला.

मला वाटतं, शिबिरात दिलेलं ते रक्त त्यांचं नव्हतं. बाटल्या कारखान्यानं बदलल्या की आणखी कुणी, ते मला कळायला हवं. वैजनाथरावांना विचारशील का? कोणाचंही नाव मी कुठेही लिहिणार नाही. तू विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही, हे मला माहीत आहे.

प्रणिता

भिंगार,
१५ सप्टेंबर २०२५

प्रणिता,

विचारलं. चौथ्या दिवशी सासूबाई दवाखान्यातून घरी गेल्यावर हे म्हणाले, "दार लोटून घे."

बाटल्या कारखान्यानं बदलल्या नाहीत. ह्यांनी स्वतःच बदलली. माझा सगळा संशय साहेबांवर होता, तुझ्यावर होता. घरातल्या माणसावर नव्हता.

झालं असं. मार्चच्या शिबिरात भिमाजी म्हणून एकाचा रिपोर्ट वाईट आला. त्याला साहेबांनी सांगितलं, तुझ्या तब्येतीला हे काम मानवत नाही. पुढचं कंत्राट मिळालं नाही. पुडी देऊनही ज्याचा रिपोर्ट बिघडतो तो बाहेर पिऊन येतो, असं सगळ्यांसमोर बोलले. त्यावरून बाकीच्यांनी काय ते ओळखलं. माल चढवायच्या-उतरवायच्या खात्यात अंगद म्हणून ह्यांचा गाववाला आहे, ठणठणीत, टाकीकडे कधी येत नाही. त्यानं पुढच्या शिबिरात तीन वेळा रांगेत उभं राहून तिघांच्या नावानं रक्त दिलं. सुई टोचणारा मान वर करून बघत नाही. एप्रिलमध्ये दिलं, जूनमध्येही दिलं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? हे म्हणाले, "तू सांगितलं असतंस कुणाला तरी. म्हणून तर फोन बघत हुतो."

म्हणजे बघ, साहेबांना वाटतं पुडी चालते, कारण रिपोर्ट चांगले. तुला वाटतं पुडी चालते, कारण साहेबांनी रिपोर्ट पाठवले. ह्यांनाही वाटू लागलं होतं की पुडीनं काहीतरी होत असेल, नाहीतर एवढी शिकलेली माणसं बोर्ड कशाला लावतील. म्हणून मास्क नसतानाही वाकत राहिले. आणि सगळ्याच्या मुळाशी अंगदचं रक्त.

आता हे तुझ्या हातात दिलं आहे. तू खरं सांगायला गेलीस तर अंगद जाईल, बाकीचे दोघे जातील, हेही जातील. गप्प बसलीस तर पुढच्या कारखान्यात बोर्ड लागेल. मी दोन्हीकडून विचार केला, मला मार्ग दिसला नाही. तू काय करशील याचीही खात्री नाही. तरी लिहिलं.

दिपाली

राहुरी,
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिपाली,

तुझं पत्र आल्यावर मी आधी टाकी बघायला गेले. सहा महिने त्या टाकीवरच्या माणसांचे आकडे मांडले, पण टाकी एकदाही पाहिली नव्हती. संशोधनवाल्या बाई म्हणून गेटवर अडवलं नाही. झाकण उघडं, पंख्याच्या मोटारीवर कोळिष्टकं, आणि चौघे जण तोंडाला नुसता रुमाल बांधून वाकलेले. वीस मिनिटांत माझं डोकं धरलं. एकानं मला विचारलं, "बाई, दोन पुड्या घेतल्या तर जास्त फायदा हुईल का?"

उंदरांना आम्ही शुद्ध अर्क दिला होता, तोही आधी चौदा दिवस. रसायन दिलं एकदाच. वैजनाथराव रोज आठ तास तिथे होते आणि पुडीत चमचाभर पाला. शेवग्याचा गुण खरा आहे, पण तो मास्कची आणि पंख्याची जागा घेईल असं आमच्या प्रयोगात कुठेही नव्हतं. बोर्डावर मात्र होतं, आणि तो बोर्ड छापण्याआधी मला दाखवला होता.

सुहास सरांना सांगितलं की लेख मागे घ्यायचा. ते म्हणाले, "तीन ओळी वगळ. सहा पुरतात." मी म्हटलं, त्या सहा जणांचं रक्त कोणाचं आहे हे तरी आपल्याला कुठे माहीत आहे? ते म्हणाले, ठीक आहे, पण या प्रकल्पात तू राहणार नाहीस. मी राहिलेले नाही.

मासिकाला जे कळवलं ते अक्षरशः लिहिते: रक्ताचे नमुने कोणाचे, कसे घेतले, यावर माझी देखरेख नव्हती, म्हणून हे आकडे मी ग्राह्य धरत नाही. यात एक शब्द खोटा नाही आणि कोणाचं नावही नाही. कारखान्यांची पाहणी करणाऱ्या सरकारी कचेरीत वेगळा अर्ज दिला. त्यात फक्त मी स्वतः पाहिलेलं आहे: पंखा, झाकण, रुमाल. खाली माझी सही.

आता तुझ्याकडे मागणं आहे. या नऊ जणांचं खरं रक्त तपासायला हवं. कारखान्याच्या शिबिरात नाही, बाहेर. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात जाईल, कारखान्याला नाही, मलाही नाही. ते तयार होतील का?

प्रणिता

भिंगार,
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रणिता,

सरकारी साहेब आले होते. टाकी बारा दिवस बंद होती. आता नवा पंखा बसलाय, झाकण आलंय, हवा गाळायचा डबा लावलेले मास्क दिलेत. बोर्ड काढला. हे दिवाळीआधी कामावर गेले, पॅकिंगला. घरी बसून नुसत्या विश्रांतीनं आकडा सहाशे चाळीसवरून अठ्ठावन्नवर आला. पुडी नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, टाकीपासून लांब राहिले हेच औषध.

पण सगळं गोड झालं असं समजू नकोस. टाकी बंद होती ते बारा दिवस माणसं घरी बसली. अर्ज एका बाईनं दिला एवढं कुठून तरी बाहेर आलं, आणि ह्यांच्याकडे सगळे तिरक्या नजरेनं बघतात. अंगद तर आमच्या गल्लीतून जायचा बंद झालाय. आपलं नाव कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवलंय, असं त्याला वाटतं.

रक्ताचं मी ह्यांच्याजवळ काढलं. आधी नको म्हणाले. दोन दिवसांनी म्हणाले, "ये म्हणावं तिला. पन सुई काढायच्या आधी त्या बोर्डावरचं चुकीचं हुतं, हे सगळ्यांसमोर तोंडानं बोलावं लागंल. कागद नको." पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, अंगणवाडीत. किल्ली माझ्याकडे आहे. किती जण येतील ते सांगता येत नाही.

दिपाली

भिंगार,
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रणिता,

तू साडेबाराच्या एसटीनं गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

तू बोलत होतीस तेव्हा टाकीवरचा हनुमंत उठून गेला ते तू बघितलंस. आणखी दोघे नंतर बाहेरूनच परत गेले. सहा जणांनी दिलं. पाच जणांचे आकडे वाढलेले आहेत, दोघांचे बरेच. त्यांना ह्यांनीच दवाखान्यात नेलं. ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्या खिशात आहे, कुणी कुणाला दाखवत नाही, पण मास्क आता न सांगता लावतात म्हणे.

तुझ्याबद्दल हे अजून फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई खाली बघून बोलली न्हाई." माझं विचारशील, तर पूर्वीसारखं मोकळं वाटायला वेळ लागेल. पण यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलंस तरी चालेल.

आणि हे मुद्दाम लिहायचं होतं. तू गेल्यावर तपासणीवाली मुलगी सामान आवरत होती. मी सतरंजी गोळा करत होते. तेवढ्यात दारात अंगद. आत येईना, चपलाही काढीना. मी म्हटलं, या भाऊजी, टाकीवाल्यांचं झालं सगळं. तो म्हणाला, "ठाव हाय. मी टाकीवर न्हाईच. पन माझं बी घ्या."

ह्यांनी विचारलं, "तुला काय झालंय?"

"काय न्हाई झालं. तिघांच्या नावानं दिलं, माझ्या नावानं आजवर एकदाबी दिलं न्हाई."

मुलीनं पिशवी पुन्हा उघडली, सुई काढली, बाटलीवर लावायची चिठ्ठी घेतली आणि नाव विचारलं. अंगदनं आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग लहान बाकड्यावर बसून बाही वर केली आणि आपलं नाव सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव. सगळं सावकाश. मुलीनं लिहिलं ते त्यानं तिला पुन्हा वाचून दाखवायला लावलं, आणि मगच हात पुढे केला.

तुझी,
दिपाली